नाम जोंग-गिल यांच्या नावाचं टेबल

सोल, ८ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली सुकी मांदेली पोचली. फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तर पटत नाही, म्हणून पत्रच लिहायला बसले. गुडघे कसे आहेत? थंडीत शेवाळ वाळवायला धक्क्यावर जाऊ नका असं सांगणार होते, पण तुम्ही जाणारच. निदान पायमोजे घाला.

आता मुद्द्याचं. ह्यांचा फोन मी अजून बंद केलेला नाही. परवा तो शेल्फावर थरथरला. ग्वाक आचाऱ्याच्या हॉटेलातून ह्यांना निरोप आला होता की, नाम जोंग-गिल साहेब, आपण राखून ठेवलेलं दोन माणसांचं टेबल सव्वीस नोव्हेंबरच्या संध्याकाळी तयार असेल, आम्ही वाट पाहत आहोत.

ग्वाक म्हणजे टीव्हीवरच्या 'झाकण उघडा' स्पर्धेतला तो मुखदुर्बळ माणूस. बाकीचे आचारी आपल्या पदार्थाची पोथी वाचायचे. हा झाकण उघडायचा आणि हात बांधून उभा राहायचा. ह्यांना तो फार आवडे. आवडणारच, दोघं एकाच माळेचे मणी. उपांत्य फेरीत त्यानं मुळा घालून वाकटी मासळी शिजवली आणि ऐन वेळी बिडाच्या हंडीचं झाकण असं घट्ट बसलं की उघडेचना. घंटा झाली, हंडी बंद, ग्वाक बाहेर. वन्सं, तुमचे भाऊ त्या दिवशी ढसाढसा रडले. सासूबाई गेल्या तेव्हा डोळा ओला झाला नव्हता, आणि इथे एका झाकणासाठी! म्हणाले की मरण्याआधी ही वाकटी खाणार. मग मला ताकास तूर न लागू देता, एका बोटानं टिचक्या मारत वर्षभर पुढचं टेबल घेऊन ठेवलं आणि थोड्याच दिवसांत गेले.

मला खरं तर राग आला आहे. बेचाळीस वर्षं हा माणूस माझ्या हातचं जेवला. बरं झालंय का विचारलं की 'हं'. करपलंय का विचारलं तरी 'हं'. वर चोरून स्वयंपाकघरात जायचं आणि मुळ्याच्या पांढऱ्या किमचीचा डबा तोंडाला लावून त्यातलं पाणी घटाघटा प्यायचं. वाटी घ्या, वाटी घ्या म्हणून माझा घसा बसला, पण सवय काही सुटली नाही. यंदा मी तो मुळा घातलाच नाही. कोणासाठी घालायचा? आणि ज्याच्या हातचं कधी चाखलं नाही त्या परक्या ग्वाकसाठी मात्र ह्यांचे अश्रू. त्या हंडीत असं काय होतं ते मला एकदा बघायचंच आहे.

सव्वीस नोव्हेंबर म्हणजे ह्यांच्या वर्षश्राद्धाचीच संध्याकाळ. श्राद्धाचं ताट त्या हॉटेलात मांडायचं असं मी ठरवलं आहे. तुम्ही थोरल्या, तुमची परवानगी हवी. नाही दिलीत तर वाईट वाटेल, पण जाईन.

लोभ आहेच; हे पत्र वाचून जेवढा उरेल तेवढा सांभाळून ठेवावा.

आपली,
म्योंग-ओक


नोह्वा बेट, १६ ऑक्टोबर

चि. म्योंग-ओक हिस,
अ. उ. आ.

परवानगी मागतेस आणि त्याच दमात जाईन म्हणतेस. लग्नात तू मान खाली घालून बसली होतीस तेव्हाच मी आईला म्हटलं होतं की ही मान फार दिवस खाली राहायची नाही.

श्राद्धाला वाकटी चालत नाही. लाल तिखट चालत नाही. लसूण चालत नाही, त्याच्या वासानं आत्मा उंबऱ्यावरून परत फिरतो. हे सगळं तुला ठाऊक आहे, आणि ज्या हंडीत हे तिन्ही आहे तिच्यापुढे तू माझ्या भावाला बसवणार! शिवाय झाकण न उघडता येणारा आचारी. मेलेल्या माणसाची एवढी थट्टा जिवंतपणीही कोणी केली नव्हती.

पण शेवटची इच्छा आहे, ती मला मोडवत नाही. तेव्हा ऐक. तुमच्या पोटी मूल नाही. श्राद्धाला दोन साष्टांग नमस्कार घालणारं कोणी नाही. इकडे चुलत्याचा नातू सांग-बॉम ते करायला कधीचा तयार आहे. तुझ्याकडे बघून मी वर्षभर गप्प बसले. जोंग-गिल त्या हॉटेलातून पोटभर जेवून गेला तर मी काही बोलणार नाही. उपाशी परत गेला, तर पुढच्या वर्षीपासून त्याचं श्राद्ध इथे माझ्या घरी. फोटोही इकडेच येईल. हे पक्कं समज.

तसंही तुझ्या हातचं खारट असतं. लग्नानंतर पहिल्यांदा इकडे येऊन तू सूप केलंस, ते कुत्र्याला घातलं तर कुत्रं विहिरीपाशी जाऊन बसलं होतं.

मोजे घातले आहेत. माया कमी झालेली नाही, आवाज चढला आहे एवढंच.

तुझी,
पिल-सुन


सोल, २४ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

ते कुत्रं म्हातारं होतं आणि त्याला ऊन लागत होतं, म्हणून ते विहिरीपाशी बसलं होतं. हे मी गेली बेचाळीस वर्षं सांगते आहे.

फोटोचं वाचून रात्रभर डोळा लागला नाही. घरात बोलायला दुसरं कोण आहे मला? सकाळी चहा घेताना मी त्या फोटोशीच भांडते. तो गेला तर मी भिंतीशी भांडू का?

असो. हॉटेलातून खात्री करायला एका मुलीचा फोन आला. टेबलं चढ्या भावानं विकणारे लोक माजले आहेत म्हणून त्यांच्याकडे कडक नियम आहे: ज्याच्या नावावर टेबल, त्यानं स्वतः ओळखपत्र घेऊन यायचं. आला नाही तर टेबल बाहेर रांगेत बसलेल्याला जातं. तिनं विचारलं, नाम साहेब जातीनं येणार ना? मी म्हटलं, येतील हो, त्यांचंच तर आहे सगळं. तिनं विचारलं, वय झालंय, चाकाची खुर्ची लागेल का? मी सांगितलं, नको, आता अगदी हलके झाले आहेत. मग खाण्यातलं काही बाधतं का, असं तिनं विचारलं. खोटं कशाला बोलू? पीच, म्हणून सांगितलं. पीच घरात असला तर ते पाऊलसुद्धा आत टाकणार नाहीत. ती घाबरली. त्या संध्याकाळी हॉटेलात पीचची फोडही येणार नाही असा तिनं शब्द दिला. वन्सं, पीच दिसला की आत्मा दारातूनच फिरतो, ती एक अडचण परस्पर सुटली.

लसणाचं मात्र बोलायचं धाडस झालं नाही. ते तुम्हीच सांगा काय करू.

लोभ ठेवावा, आणि फोटो माझ्याकडे ठेवू द्यावा.

आपली,
म्योंग-ओक


नोह्वा बेट, १ नोव्हेंबर

चि. म्योंग-ओक हिस,
अ. उ. आ.

लसणासाठी मी स्वतःच त्या ग्वाकला पत्र टाकलं. लसूण आणि तिखट वगळून वाकटी कर, एका सज्जन माणसाचा प्रश्न आहे, असं लिहिलं. त्याचं उत्तर आलं ते सोबत जोडलं आहे. वाचून परत पाठव.

मी त्यावर तीन दिवस विचार केला आणि असं ठरवलं की लसूण राहू दे. जोंग-गिलला लहानपणी सर्दी झाली की मीच लसूण ठेचून चारत असे. तो काही लसणाला भिणारा नव्हे. उलट सोलमधले बाकीचे उपाशी आत्मे लांब राहतील आणि त्याचं ताट सुरक्षित राहील.

दुसरं म्हणजे मी येते आहे. सोबत कोणी असल्याशिवाय तू गोंधळ घालशील. टेबल दोन माणसांचं आहे, एका खुर्चीवर तू, दुसरीवर मी. मेलेल्याला खुर्ची लागत नाही. फोटो खिडकीत ठेवू.

माया आहे म्हणूनच आठ तास आगबोटीत आणि बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेणार आहे.

तुझी,
पिल-सुन

(सोबतचं पत्र)

आजी, नमस्कार. लसणाशिवाय होत नाही. माफ करा.
ग्वाक


सोल, ९ नोव्हेंबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

ग्वाकचं पत्र परत पाठवते आहे. ह्यांनी मला लग्नाआधी लिहिलेली पत्रं याहून लहान होती.

तुम्ही येताय याचा आनंदच आहे, पण खुर्चीचं गणित बसत नाही. हे माणूस धरले तर एक खुर्ची ह्यांची, एक माझी, आणि तुम्हाला जागा नाही. हे माणूस धरले नाहीत तर टेबलच आपलं नाही, कारण ते ह्यांच्या नावावर आहे. हॉटेलवाल्यांना विचारून पाहिलं की तिसरी खुर्ची मिळेल का. नाही म्हणाले. तेव्हा तुम्ही माझ्या खुर्चीवर बसा, मी ह्यांच्या मागे उभी राहीन. आयुष्यभर तेच केलं आहे, एक संध्याकाळ आणखी.

तुमच्या 'खारट'च्या रागानं काल मी मुळा घातला. बाजारातून चांगले टणक मुळे आणले, मीठ लावलं, नासपती घातली, आलं घातलं. निम्मं काम झाल्यावर आठवलं की पिणारं कोणी नाही. मग थोडा वेळ मोरीपाशी बसून रडले आणि उरलेलं काम पुरं केलं. मीठ नेहमीइतकंच आहे.

या, वाट बघते. आगबोटीत गरम पाण्याची पिशवी घ्या. लोभ प्रत्यक्ष भेटीत मोजून घेऊ.

आपली,
म्योंग-ओक


सोल, २८ नोव्हेंबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

वादळामुळे आगबोट सुटली नाही आणि तुम्ही धक्क्यावर उभं राहून समुद्राला शिव्या दिल्यात, असा तुमच्या शेजारणीचा फोन आला. तुमच्या सूचनांचं पत्र मात्र वेळेवर मिळालं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण एकही शेळी मी सोडली नाही. आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. लपवायचं असतं तर लपवता आलं असतं, कारण तुम्ही नव्हतात. पण ह्यांच्या बाबतीत मला तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

फोटो कापडात गुंडाळून नेला. दारातल्या मुलीनं नाम साहेबांचं ओळखपत्र मागितलं, ते दिलं. साहेब कुठे आहेत विचारलं, तेव्हा मी कापड सोडलं. फोटोवरची शोकाची काळी फीत बघून तिचा चेहरा उतरला. तिनं व्यवस्थापकाला बोलावलं. त्यानं नियम काढून वाचला. नाव जुळलं पाहिजे, चेहरा ओळखपत्राशी जुळला पाहिजे. त्यानं फोटो आणि ओळखपत्र शेजारी धरून नीट पाहिलं. दोन्ही जुळत होतं. श्वास चालू असावा असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यानं ह्यांना वाकून नमस्कार केला आणि खुर्ची ओढून दिली.

शेजारच्या टेबलावर चार कॉलेजच्या मुली होत्या. त्यांना वाटलं, हे स्पर्धेतले कोणी जुने आचारी असतील. एकेक जण येऊन ह्यांच्याबरोबर फोटो काढून गेली. जन्मात एवढ्या पोरी ह्यांच्याभोवती जमल्या नव्हत्या. मला थोडा रागही आला.

तिथली पद्धत टीव्हीसारखीच आहे. सगळ्या टेबलांवर झाकलेल्या हंड्या ठेवतात, घंटा वाजते आणि सगळी झाकणं एकदम उघडतात. घंटा वाजली. सगळीकडून वाफ उठली. फक्त आमच्या टेबलावर उठली नाही. ह्यांच्या हंडीचं झाकण बसलं होतं.

ग्वाक स्वतः धावत आला. ओढून पाहिलं, फडक्यानं धरून पाहिलं, गरम पाणी ओतून पाहिलं. दोन माणसांनी हंडी धरली आणि तिसऱ्यानं झाकण ओढलं, तर तिसराच मागे पडला. ग्वाकचे कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं. टीव्हीवर त्या दिवशी जसा दिसला होता तसाच दिसायला लागला. आणि वन्सं, मला ती वाकटी दिसेना, ग्वाक दिसेना. मला दिसत होता आमचा फोटो, आगबोटीत बसून तुमच्याकडे निघालेला.

मी पिशवीतून मुळ्याचा डबा काढला. बाहेरचे पदार्थ आणू नयेत अशी भिंतीवर मोठी पाटी आहे. ग्वाकनं डब्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि मग बराच वेळ छताकडे पाहत राहिला. भला माणूस आहे. श्राद्धाच्या रीतीप्रमाणे टेबलावरच्या भातात मी चमचा उभा रोवला, डबा उघडून शेजारी ठेवला आणि त्याला तुमची सूचना सांगितली: दार सताड उघडं हवं, आणि ते जेवत असताना त्यांच्याकडे कोणाचाही चेहरा नको.

ग्वाकनं घंटा वाजवली आणि म्हणाला की एक गृहस्थ जेवायचे आहेत, सर्वांनी कृपा करून भिंतीकडे तोंड करावं. त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य कोणी कधी ऐकलं नसेल. मुली वळल्या, वाढपी वळले, कोपऱ्यात एका कंपनीची पार्टी होती ती साहेबासकट उठून वळली. दार उघडलं, असा गार वारा आत आला की कागदी रुमाल उडायला लागले. मी ह्यांच्याकडे पाठ करून डोळे मिटले आणि आत्म्याला जेवायला द्यायचे ते नऊ घास मनात मोजायला लागले.

तिसऱ्या घासाला आवाज आला. कुडुम कुडुम. मुळा चावल्याचा.

मी वळले नाही. सगळ्यांनीच ऐकला. मुलींपैकी एकीनं माझा हात घट्ट धरला. कंपनीच्या साहेबांनी पुटपुटत आपल्या वडिलांची क्षमा मागायला सुरुवात केली. मग घट घट घट असा पाणी पिण्याचा आवाज आला, डबा टेबलावर टेकल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी म्हणालं, 'हं'.

नऊ घास व्हायच्या आधीच मी वळले. माफ करा, राहवलं नाही.

ह्यांच्या खुर्चीवर एक तरुण माणूस बसला होता. ह्यांचा फोटो मांडीवर नीट उभा धरून ठेवला होता. शिन त्याचं नाव, मुलांना पोहायला शिकवतो. बाहेरच्या रांगेत त्याचा पहिला नंबर होता. दार उघडलं, आत बघतो तर सगळे पाठमोरे आणि एक खुर्ची रिकामी. फोटो कोणी जागा धरायला ठेवला असेल असं त्याला वाटलं. टीव्हीवरच्या आचाऱ्यांच्या हॉटेलांत काय काय चालतं ते त्यानं ऐकलं होतं, तेव्हा हीही एक पद्धत असेल म्हणून तो बसला. झाकण त्याच्यानंही उघडलं नाही. मग भात आणि मुळा खाल्ला आणि डबा तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं. समोर वाटी होती, तरीही.

तो कोणाचं जेवला हे सांगितलं तेव्हा पोराच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं फोटो खुर्चीवर ठेवला आणि भर हॉटेलात जमिनीवर ह्यांना दोन साष्टांग नमस्कार घातले. कोणी शिकवल्यासारखे नीट. तेवढ्यात ग्वाकनं हंडीला बोट लावलं आणि झाकण हातात आलं.

मी वाकटी खाल्ली. चांगली होती. मुळा माझ्या हातच्यापेक्षा मऊ शिजला होता. रडण्यासारखं त्यात काही सापडलं नाही.

तर असं झालं. ह्यांचं ताट परक्या माणसानं उष्टं केलं, जिच्यासाठी गेलो ती हंडी ह्यांच्यासाठी बंदच राहिली आणि श्राद्ध मोडलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. फोटो पुसून कापडात बांधून ठेवला आहे. कोणत्या बोटीनं पाठवू ते कळवा. सकाळच्या उन्हात ठेवू नका, काचेवर उजेड पडला की चेहरा दिसत नाही.

लोभाविषयी आज काही मागत नाही.

आपली,
म्योंग-ओक


नोह्वा बेट, ५ डिसेंबर

चि. म्योंग-ओक हिस,
अ. उ. आ.

कापड सोड आणि फोटो भिंतीवर टांग. आधी ते कर, मग पुढचं वाच.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू लिहितेस की एका परक्यानं खाल्लं. असेल परका. आत्म्याला स्वतःचे दात नसतात, कोणाचे तरी घ्यावेच लागतात. पोहायला शिकवणाऱ्याचे घेतले, बरं केलं, तरुण आहेत.

आता मी सांगते ते तुला माहीत नाही. आमच्या अंगणात आईच्या मुळ्याचा रांजण पुरलेला असायचा. जोंग-गिल त्याच्यावर ओणवा होऊन थेट तोंड लावायचा आणि आईच्या हातचा मार खायचा. आईचे हात थकल्यावर तोच मुळा मी घालायला लागले. तीच माती, तोच रांजण, तेच मोजून मीठ. मुद्दाम झाकण काढून ठेवायची आणि आडोशाला उभी राहायची. तो यायचा, वाटी घ्यायचा, काड्यांनी दोन फोडी उचलायचा आणि म्हणायचा, ताई, फार छान झालंय. दर वर्षी म्हणायचा. मोठ्या तोंडानं कौतुक करायचा. रांजणाला तोंड मात्र त्यानं एकदाही लावलं नाही.

तुझ्या लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात तू पत्रातून तक्रार केलीस की हा माणूस डब्याला तोंड लावतो, काही वळण लावलं नाही का. त्या दिवसापासून तुझ्या हातचं सगळं मला खारट लागतं.

झाकणाचं म्हणशील तर ते बसलं नव्हतं. त्याला ती वाकटी खायची नव्हती. तो त्या आचाऱ्यासाठी रडला; बिचाऱ्याला पदार्थही दाखवता आला नाही आणि बोलताही आलं नाही, म्हणून. ते दुःख त्याच्या ओळखीचं होतं. जेवायला तो तुझ्याकडेच आला.

तेव्हा श्राद्ध तुझ्या घरी, दर वर्षी. सांग-बॉमला मी सांगितलं आहे. त्याचा जीव भांड्यात पडला. त्या शिनला पुढच्या वर्षीचं आमंत्रण कर. त्याला लोकरीची बंडी विणायला घेतली आहे. पोहणारा आहे तर खांदे रुंद असतील, माप विचारून कळव. ग्वाकलाही बोलाव, पण हंडी आणू नको म्हणावं.

आणि मुळ्याचा एक डबा मला पाठव. मीठ कमी करू नकोस. झाकण फार घट्ट लावू नकोस, माझ्या हातात आता जोर उरलेला नाही.

माया आहे ती होतीच, आजवर बंद ठेवली होती एवढंच.

तुझी,
पिल-सुन

ता. क. डब्याबरोबर वाटी पाठवण्याची गरज नाही.